तरुण वयात टेस्टोस्टेरॉन कमी आलंय? उपचार सुरू करण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

विशीतल्या, तिशीतल्या ज्या पुरुषांच्या हातात ‘टेस्टोस्टेरॉन कमी’ असा रिपोर्ट आला आहे आणि पुढे काय करायचं हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे पान आहे. साठीतल्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात. तरुण माणसापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षं असतात, बहुतेकदा मूल व्हायचं बाकी असतं. त्यामुळे त्याने दोन गोष्टी आधी पक्क्या करायला हव्यात: हे कमी का झालं आणि मला मूल हवं आहे का. या दोन उत्तरांआधी दिलेलं इंजेक्शन घाईचं असतं, मग देणारा कोणीही असो.

एका रिपोर्टमध्ये कमी आलं. उपचार लागणारच का?

नाही. आधी रक्त कधी दिलं ते आठवा. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरत जातं. तरुणांमध्ये ही चढउतार मोठी असते. जेवणानंतरही पातळी घसरते, नुसतं ग्लुकोजचं पाणी प्यायलं तरी सुमारे पाव भाग खाली येते. त्यामुळे ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी, चहा-नाश्ता करून दिलेल्या रक्ताचा आकडा निदानासाठी धरू नका.

तपासणी सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, आदल्या रात्री नीट झोप झालेली असताना करायची. कमी आलं तर वेगळ्या दिवशी तशीच पुन्हा करायची. दोन्ही वेळा कमी आलं तरच पुढचं बोलणं. डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप, ऑपरेशन यातून उठलेल्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन काही काळ खालीच असतं. तेव्हा तपासू नका, पूर्ण बरे व्हा.

आणखी एक बारीक गोष्ट. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या खाणारे बरेच तरुण आहेत. बऱ्याच लॅबच्या हार्मोन तपासण्या बायोटिनमुळे चुकतात, काही आकडे खोटे वाढतात तर काही खोटे घटतात. रक्त देण्याआधी किती दिवस गोळी बंद ठेवायची हे लॅबला विचारून घ्या.

नेमका किती आकडा म्हणजे कमी?

आधी एकक बघा. आपल्याकडे काही लॅब नॅनोग्राम प्रति डेसिलिटरमध्ये लिहितात, काही नॅनोग्राम प्रति मिलिलिटरमध्ये. ‘२.७४’ पाहून घाबरलेला मुलगा आणि ‘२७४’ पाहून निर्धास्त झालेला मुलगा, दोघांचा आकडा एकच असतो.

अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये ३०० नॅनोग्राम प्रति डेसिलिटर ही रेघ धरली. एंडोक्राइन सोसायटीने त्याच वर्षी निरोगी, सडपातळ तरुणांची खालची मर्यादा २६४ च्या आसपास सांगितली. म्हणजे तज्ज्ञांमध्येही एकच आकडा नाही. तरुणांसाठी रेघ आणखी वर हवी असं मानणारेही आहेत. माझं मत स्पष्ट आहे. १५० आणि २९० हे दोन्ही आकडे कागदावर ‘कमी’ असले तरी ते एका मापाने मोजू नयेत. १५० मागे बहुतेकदा काहीतरी शोधण्यासारखं असतं. २९० मागे अनेकदा पोट, झोप आणि चुकीची वेळ असते.

सीमेवरच्या आकड्याला आणखी एक तपासणी लागते, एसएचबीजी. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन या प्रथिनाला चिकटून फिरतं. लठ्ठपणात आणि मधुमेहात हे प्रथिन कमी होतं, म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं, पण शरीराला वापरता येणारं, मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन) यांवरून मोकळं टेस्टोस्टेरॉन सूत्राने काढतात. पॅकेजमध्ये मिळणारी ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ची थेट, स्वस्त चाचणी भरवशाची नाही. तिच्या जोरावर निर्णय घेऊ नका.

थकवा, चिडचिड, कशात लक्ष न लागणं ही याचीच लक्षणं ना?

असू शकतात, पण ती हजार गोष्टींची लक्षणं आहेत. टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेकडे जास्त ठामपणे बोट दाखवणारी लक्षणं वेगळी आहेत: कामेच्छा खरोखर आटणं, पहाटेची ताठरता बंद होणं, दाढी पूर्वीपेक्षा विरळ आणि उशिरा वाढणं, छातीत गाठीसारखी दुखरी वाढ, वृषण लहान होणं, साध्या धडपडीत हाड मोडणं.

नुसता थकवा असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर हे आधी तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आढळते की ती न तपासता टेस्टोस्टेरॉनच्या मागे लागणं योग्य नाही. आणि नैराश्य. आठवडेच्या आठवडे काहीच आवडेनासं झालं असेल, झोप मोडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं हाही या तपासाचाच भाग आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही कामेच्छा कमी होते. डॉक्टरांना त्या गोळ्यांची नावं सांगा, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

ताठरतेबद्दल एक खूण लक्षात ठेवा. पहाटे व्यवस्थित ताठरता येते, एकट्याने असताना येते, पण जोडीदारासोबत जाते, तर कारण बहुतेकदा भीती आणि दडपण असतं. त्यावर समुपदेशनाने चांगला गुण येतो.

हस्तमैथुनाने किंवा ‘धात गेल्याने’ टेस्टोस्टेरॉन संपतं का?

नाही. वीर्य बाहेर पडल्याने टेस्टोस्टेरॉनचा साठा रिकामा होत नाही, कारण ते वृषणात रोज नव्याने बनतं आणि रक्तात मिसळतं. ही भीती आपल्याकडे इतकी खोल आहे की डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिराती याच भीतीवर चालतात. तिथे एक रुपयाही देऊ नका.

कारण शोधायचं म्हणजे नेमकं काय करतात?

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. वाईट हे की बऱ्याचदा हाच गाळला जातो.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन सोडते. एलएच वृषणाला सांगतं, टेस्टोस्टेरॉन बनव. एफएसएच आणि वृषणातलं टेस्टोस्टेरॉन मिळून शुक्राणू बनवून घेतात. गच्चीवरच्या टाकीतल्या बॉल व्हॉल्व्हसारखी ही व्यवस्था आहे: पातळी खाली गेली की वरून पाणी सुरू, भरली की बंद.

म्हणून टेस्टोस्टेरॉन कमी असताना एलएच आणि एफएसएच खूप वाढलेले असतील, तर बिघाड वृषणात आहे. वरून ओरडून सांगितलं जातंय, खाली काम होत नाही. लहानपणी न उतरलेलं वृषण, गालगुंडात वृषणाला आलेली सूज, पीळ पडणं, मार, केमोथेरपी ही कारणं असतात. आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम, ज्यात मुलाला एक्स गुणसूत्र एक जास्त असतं. साधारण ५०० ते १००० मुलग्यांमागे एकात हे असतं, तरी बहुतेकांना ते आयुष्यभर कळत नाही, किंवा लग्नानंतर मूल होत नाही तेव्हा कळतं.

आता टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच, एफएसएचही कमी किंवा ‘नॉर्मल’ असतील, तर प्रश्न वर, मेंदूच्या बाजूला आहे. इथला ‘नॉर्मल’ शब्द फसवा आहे. टेस्टोस्टेरॉन तळाला असताना एलएच वाढायलाच हवं होतं. ते वाढलं नाही, हाच बिघाड. मग प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन तपासतात, कारण पिट्युटरीवरची प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ तरुणांत हे करू शकते. सोबत डोकेदुखी किंवा बाजूचं दिसणं कमी झालं असेल तर एमआरआय लवकर करावा लागतो. दिलासा असा की ही गाठ बहुतेकदा गोळ्यांनीच आक्रसते, आणि प्रोलॅक्टिन उतरलं की टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येऊ शकतं. अशा माणसाला थेट टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं, तर गाठ तशीच मागे राहते.

याच बाजूची आणखी कारणं: डोक्याला झालेली मोठी दुखापत, थॅलेसेमियात वारंवार रक्त चढवल्याने साठलेलं लोह, अफूजन्य वेदनाशामकं, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, प्रोलॅक्टिन वाढवणारी काही मनोविकारांची औषधं. जन्मतः वास येत नाही आणि वयात येणंही झालं नाही, तर कालमन सिंड्रोम. ‘तुला मोगऱ्याचा वास येतो का?’ हा डॉक्टरांचा प्रश्न विचित्र वाटला तरी त्यामागे हे कारण आहे.

शारीरिक तपासणीत लाजू नका. जाणकार डॉक्टर दोऱ्यात ओवलेले अंडाकृती मणी घेऊन बसतात. स्विस बालरोगतज्ज्ञ प्राडर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही माळ. बारा मणी, १ ते २५ मिलिलिटर आकाराचे. एका हातात मणी, दुसऱ्या हाताने वृषण चाचपून कुठल्या मण्याशी जुळतं ते बघतात. प्रौढ पुरुषात साधारण १५ ते २५ चा मणी जुळतो. क्लाइनफेल्टरमध्ये वृषण बहुधा ५-६ च्याही खाली आणि कडक लागतं. मिनिटभराचं काम आहे. महागड्या पॅकेजमध्ये न दिसणारी गोष्ट त्यात सापडते. ज्यांनी हात न लावता इंजेक्शन लिहून दिलं, त्यांच्याकडून निघून दुसरीकडे जा, असं मी सांगेन.

वजन कमी करून खरंच फरक पडतो का?

पडतो. तरुणांतल्या सौम्य कमतरतेत पोटाची चरबी हे फार मोठं कारण आहे. चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते आणि वरून येणारा हुकूमही मंदावतो. भरपूर वजन उतरलेल्या पुरुषांत, विशेषतः वजन उतरवण्याच्या (बॅरिएट्रिक) शस्त्रक्रियेनंतर, टेस्टोस्टेरॉन ठळकपणे वाढलेलं दिसतं.

झोपेबद्दल शिकागो विद्यापीठातला २०११ चा एक छोटा अभ्यास आहे. दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी खाली आलं. रात्रपाळी करणाऱ्या आयटी आणि कॉल सेंटरमधल्या मुलांनी हे मनावर घ्यावं. घोरणं मोठं असेल, दिवसा डुलक्या येत असतील, तर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, तपासून घ्या. तो तसाच ठेवून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर तो वाढू शकतो.

इंजेक्शन घेतल्यावर मूल होण्यात अडचण येते का?

येते. हे वाक्य प्रत्येक तरुणाला पहिल्याच भेटीत ऐकवलं पाहिजे.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं टाकी भरली. एलएच, एफएसएच बंद होतात. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन छान दिसतं, पण वृषणाच्या आतलं कोसळतं, आणि शुक्राणू बनायला ते आतलंच, रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असलेलं, टेस्टोस्टेरॉन लागतं. वृषण लहान होतात, शुक्राणू घटतात, अनेकांत शून्यावर येतात. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्राम इंजेक्शन दिलं आणि २७१ पैकी १५७ जणांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्राणू उरला नाही.

‘पुरुषत्व वाढवणारं’ औषध घेऊन बाप होण्याची शक्यता घालवायची, हे कुणी समजून-उमजून करत नाही. बहुतेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, याचा मला खरोखर राग येतो.

मूल हवं असेल तर मग पर्याय काय?

बिघाड वरच्या बाजूचा असेल तर वृषणाला बाहेरून टेस्टोस्टेरॉन न देता त्याच्याकडूनच बनवून घेता येतं. क्लोमिफीनच्या गोळीने पिट्युटरी जास्त एलएच, एफएसएच सोडते. पुरुषांसाठी हा तिचा अधिकृत वापर नाही, पण तज्ज्ञ देतात. नजरेसमोर अंधुक किंवा चमकल्यासारखं दिसलं तर लगेच कळवायचं. दुसरा मार्ग एचसीजीची इंजेक्शनं, जी एलएचचं काम करतात, गरज पडली तर सोबत एफएसएच. कालमनसारख्या आजारातही अशा उपचाराने शुक्राणू तयार होऊन मूल झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात भरपूर आहेत, पण महिनोन्महिने धीर धरावा लागतो. एक शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात.

वृषणच खराब असेल तर या औषधांचा उपयोग फार कमी. तिथे टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी वीर्यतपासणी करून, शुक्राणू मिळाले तर ते गोठवून ठेवावेत. मोठ्या शहरांतल्या आयव्हीएफ केंद्रांत ही सोय असते. क्लाइनफेल्टरमध्ये वीर्यात काही नसलं तरी सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून काहींच्या वृषणातून शुक्राणू मिळतात.

मग टेस्टोस्टेरॉन घ्यायलाच हवं असं कुणी आहे का?

आहे, आणि त्यांनी लाजून मागे राहू नये. ज्याचे वृषण काम करत नाहीत, ज्याची पिट्युटरी कायमची निकामी झाली आहे, ज्याचं वयात येणंच अर्धवट राहिलं, त्याला उपचार न देणं हे नुकसान आहे. हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं, स्नायू भरत नाहीत, मन खचतं. अशा मुलाला घरचे ‘लग्न झालं की सगळं ठीक होईल’ म्हणून थांबवतात. ठीक होत नाही. थायरॉइडची गोळी जशी विनासंकोच घेतो तसंच हे घ्यायचं.

जेल, इंजेक्शन की गोळी?

जेल रोज खांद्यावर लावायचं. पातळी एकसारखी राहते आणि नको वाटलं तर लगेच थांबवता येतं. पण लावल्यावर हात धुवायचे, जागा कपड्याने झाकायची. बायकोच्या किंवा कडेवर घेतलेल्या लेकराच्या त्वचेला ते लागता कामा नये, त्यांच्या शरीरात औषध जातं.

दोन-तीन आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनांत सुरुवातीचे दिवस उसळी आणि शेवटचे दिवस मरगळ असं होतं. १००० मिलिग्रामचं अनडेकॅनोएट इंजेक्शन पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी आणि मग १० ते १४ आठवड्यांनी देतात, ते सावकाश टोचावं लागतं आणि नंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं. तोंडाने घ्यायची कॅप्सूल स्निग्ध जेवणासोबतच लागू पडते, उपासाच्या दिवशी फुकट.

दुष्परिणाम आणि नंतरच्या तपासण्या?

मुख्य लक्ष रक्ताच्या घट्टपणावर. सुरू करण्याआधी, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, बघतात. ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवून कारण शोधतात. मुरुम, तेलकट त्वचा, छातीची वाढ होऊ शकते, आणि टक्कल घराण्यात असेल तर केस लवकर जातात.

हृदयाबद्दलची मोठी चाचणी, ट्रॅव्हर्स, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात वाढले नाहीत, पण हृदयाच्या अनियमित ठोक्यांचं आणि फुप्फुसात गुठळी होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. त्यातले पुरुष ४५ ते ८० वयाचे होते. पंचविशीत सुरू करून चाळीस वर्षं घेतल्यावर काय, याचं उत्तर त्या चाचणीत नाही.

अश्वगंधा, शिलाजित, गोखरू?

गोखरूने टेस्टोस्टेरॉन वाढल्याचं नीट केलेल्या चाचण्यांत दिसलेलं नाही. अश्वगंधेने काही छोट्या अभ्यासांत किंचित वाढ दिसली, पण यकृताला इजा झाल्याचेही रुग्ण आहेत. खरी कमतरता यातल्या कशानेही भरून निघत नाही.

जिममधला ट्रेनर म्हणतो, एक ‘सायकल’ मारली तर काही होत नाही.

होतं. ‘सायकल’ म्हणजे स्नायू फुगवायला काही आठवडे घेतलेली इंजेक्शनं. त्यातल्या सस्टॅनॉन, डेका अशा टेस्टोस्टेरॉनसारख्या औषधांचे डोस उपचाराच्या कितीतरी पट असतात. बंद केल्यावर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन झोपलेलं असतं, मरगळ आणि नैराश्य येतं, आणि मुलगा त्यातून सुटायला पुन्हा तीच इंजेक्शनं घेतो. कुस्ती, कबड्डी, ॲथलेटिक्स खेळणाऱ्यांसाठी हे उत्तेजक द्रव्यांच्या यादीत आहे. खरा आजार असला तरी ‘नाडा’ या उत्तेजक द्रव्यांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून उपचारासाठी सूट आधी घ्यावी लागते.

कुणाकडे जायचं?

एंडोक्रिनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोनतज्ज्ञांकडे. मूल होण्याचा प्रश्न असेल तर सोबत अँड्रोलॉजी, म्हणजे पुरुषांच्या प्रजननाचे प्रश्न, बघणारे युरोलॉजिस्ट. खाजगी परवडत नसेल तर मुंबईत केईएमसारख्या पालिका रुग्णालयात हार्मोन विभाग आहे. जाताना सगळे जुने रिपोर्ट, चालू औषधांच्या आणि सप्लिमेंटच्या डब्या घेऊन जा. पावडरच्या डब्यासकट.

लग्न ठरलंय. मुलीला सांगायचं का?

मूल होण्यावर परिणाम करणारं कायमचं कारण सापडलं असेल तर हो, लग्नाआधी, आणि स्वतः. दोन्हीकडच्या मोठ्यांच्या मध्यस्थीने अर्धवट निरोप जाऊ देऊ नका. हवं तर डॉक्टरांच्या समोर दोघं बसा. वजन आणि झोपेमुळे थोडं खाली आलेलं टेस्टोस्टेरॉन हा मात्र कुणापुढे कबुली द्यायचा विषय नाही.

मी तर इंजेक्शनं आधीच घेतोय. आता?

स्वतःहून अचानक बंद करू नका, पण पुढचा डोसही नुसत्या सवयीने घेऊ नका, घ्यायचा की नाही हे तज्ज्ञांना विचारून ठरवा. आधी वीर्यतपासणी, एलएच, एफएसएच, हिमॅटोक्रिट करून तज्ज्ञांना भेटा. कशासाठी सुरू झालं होतं, त्याआधीचा एखादा रिपोर्ट आहे का, ते शोधून ठेवा. डोस आणि तारखा खऱ्या सांगा, जिममध्ये घेतलेल्यासुद्धा.

गर्भनिरोधक चाचण्यांतल्या पुरुषांची माहिती एकत्र करून २००६ मध्ये काढलेला अंदाज असा: औषध थांबवल्यावर सहा महिन्यांत ६७ टक्के, वर्षात ९० टक्के आणि दोन वर्षांत जवळजवळ सगळ्यांचे शुक्राणू मिलिलिटरला दोन कोटींवर परत आले. ते पुरुष मुळात निरोगी होते आणि डोस मोजून दिलेले होते. वर्षानुवर्षं मोठे डोस घेतलेल्यांना जास्त वेळ लागू शकतो, काहींना एचसीजी किंवा क्लोमिफीनची मदत लागते. येत्या दोन वर्षांत मूल हवं असेल तर ती भेट या महिन्यातच ठरवा.